स्नायुक्षय, कर्करोगोपचारातील

कर्करोगाच्या रुग्णाच्या शरीरातील कंकाल स्नायूंचे (हाडांना जोडलेल्या व इच्छेनुसार हालविता येणाऱ्या स्नायूंचे) वस्तुमान व बल रोगामुळे, अपुऱ्या आहारामुळे, हालचालींच्या अभावामुळे किंवा खुद्द उपचारांच्या परिणामामुळे घटत जाणे, या अवस्थेस कर्करोगोपचारातील स्नायुक्षय म्हणतात. स्नायूंबरोबर बहुधा मेदाचाही ऱ्हास होतो, वजन उतरते आणि भूक मंदावते. या समग्र लक्षणसमूहास ‘कॅशेक्सिया’ (दुष्कृशता) ही संज्ञा आहे. ‘वाईट’ व ‘अवस्था’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती बनली आहे. फुप्फुस, ग्रसिका (अन्ननलिका), जठर, अग्निपिंड तसेच तोंड व घसा यांच्या कर्करोगांत स्नायुक्षय विशेषेकरून आढळतो. स्तनाच्या कर्करोगात तो त्यामानाने कमी असतो.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या वजनाचा सु. ४०% भाग कंकाल स्नायूंचा असतो. हालचाल हे स्नायूंचे उघड कार्य होय. परंतु ते शरीरातील प्रथिनांचे सर्वांत मोठे भांडारही आहेत. जखम भरून येणे, जंतुसंसर्गास तोंड देणे आणि नव्या रक्तकोशिका बनविणे यांसाठी लागणारी ॲमिनो अम्ले आहारातून अपुरी पडल्यास स्नायूंतून घेतली जातात. श्वसन, खोकून कफ बाहेर टाकणे आणि गिळणे या क्रियाही स्नायूंवरच अवलंबून आहेत. त्यामुळे स्नायुक्षय हा केवळ रुग्णाच्या बाह्य रूपातील बदल नसून उपचार सोसण्याच्या त्याच्या क्षमतेचा ऱ्हास होय.

इतिहास : दीर्घ आजारात शरीर झिजत जाते, हे निरीक्षण प्राचीन आहे. हिपॉक्राटीझच्या परंपरेतील ग्रीक वैद्यकात अशा झिजण्याचे वर्णन आढळते. आयुर्वेदात ‘मांसक्षय’ व ‘शोष’ या संकल्पना आहेत. १९३२ साली शील्ड्झ वॉरेन या अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांनी कर्करोगाने मरण पावलेल्या ५०० रुग्णांच्या शवपरीक्षांचा आढावा घेतला, तेव्हा सु. एक-पंचमांश रुग्णांत दुष्कृशतेवाचून मृत्यूचे दुसरे तात्कालिक कारण त्यांना दिसले नाही. १९८० साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून असे दाखविण्यात आले की, रासायनी चिकित्सा सुरू होण्यापूर्वीच ज्यांचे वजन घटले होते ते तुलनेने कमी काळ जगले. १९८५ साली ‘कॅशेक्टिन’ हे शरीर झिजविणारे द्रव्य आणि ‘अर्बुदनाशक घटक’ हे प्रथिन एकच आहेत असे आढळले. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी वार्धक्यातील स्नायुऱ्हासासाठी ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा सुचविली व पुढे ती कर्करोगाच्या संदर्भातही रूढ झाली. कोशिकांतील प्रथिनांचे नियंत्रित विघटन घडवून आणणाऱ्या ‘युबिक्विटिन’ यंत्रणेच्या शोधाबद्दल ए. चेखानोव्हर, ए. हर्श्को व अर्विन रोझ यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायुक्षयात हीच यंत्रणा प्रमाणाबाहेर कार्यरत होते. २०११ साली तज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दुष्कृशतेची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या प्रसिद्ध केली.

उपासमार व स्नायुक्षय यांतील भेद : निरोगी माणसाला अन्न मिळाले नाही, तर काही दिवसांत शरीर काटकसरीने वागू लागते. ऊर्जेसाठी मुख्यतः मेद वापरला जातो व स्नायू शक्य तितके राखले जातात. अन्न मिळू लागताच झीज भरून येते. कर्करोगात ही काटकसर मोडते. मेदाबरोबरच स्नायूही झिजतात, अनेक रुग्णांत विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाव्यय वाढतो आणि केवळ अधिक अन्न दिल्याने झीज पूर्णपणे भरून येत नाही. ‘खात नाही म्हणून वाळतो’ हे म्हणूनच अर्धसत्य होय. रुग्ण खात नाही आणि खाल्लेले अंगी लागत नाही, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. तथापि न खाण्यामुळे होणारा भाग टाळता येण्याजोगा असतो आणि तेथेच कुटुंबाला बरेच काही करता येते.

कारणे व यंत्रणा : स्नायूंत प्रथिने सतत बनत व मोडत असतात. या दोन क्रियांचा तोल ढळला की स्नायू झिजतो. अर्बुद (गाठ) आणि त्याच्याविरुद्ध चेतविली गेलेली रोगप्रतिकारक्षमता यांमुळे रक्तात शोथजनक (दाह उत्पन्न करणारी) प्रथिने वाढतात. ती मेंदूतील भुकेच्या केंद्रावर परिणाम करून भूक मंद करतात, इन्शुलिनाची परिणामकारकता घटवितात आणि स्नायूंतील विघटनयंत्रणेस चालना देतात. त्याच वेळी यकृत शोथाशी संबंधित प्रथिने मोठ्या प्रमाणावर बनवू लागते व त्यासाठीचा कच्चा माल स्नायूंतून येतो.

उपचारांचाही यात वाटा असतो. सिसप्लॅटिन व डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधे मळमळ, उलट्या व तोंडातील व्रण यांमुळे आहार घटवितात. शिवाय स्नायुकोशिकांतील कलकणूंवर (ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांवर) त्यांचा प्रत्यक्ष दुष्परिणाम होतो. उलट्या थांबविण्यासाठी वा सूज उतरविण्यासाठी दिलेली स्टेरॉइडे दीर्घकाळ चालू राहिल्यास मांड्या व खांद्यांचे स्नायू दुबळे होतात; अशा रुग्णाला जमिनीवरून उठणे वा जिना चढणे जड जाते. अष्ठीला ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगात पुरुष हॉर्मोनांचा प्रभाव रोखला जात असल्याने स्नायू घटून मेद वाढतो. तोंड व घसा यांवरील किरणोपचारात श्लेष्मकलेला व्रण पडतात, लाळ आटते, चव जाते व गिळणे वेदनामय होते. हा उपचार सामान्यतः आठवड्यातील पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालत असल्याने त्या काळात वजन झपाट्याने उतरू शकते. शस्त्रक्रियेनंतरचे अंथरुणावर पडून राहणे ही आणखी एक भर होय. निरोगी वृद्ध व्यक्तींनाही दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांच्या स्नायूंत सु. १ किग्रॅ.पर्यंत घट झाल्याचे आढळले आहे.

निदान : २०११ च्या व्याख्येनुसार गेल्या सहा महिन्यांत, उपासमारीचे साधे कारण नसताना, वजन ५ टक्क्यांहून अधिक घटणे हा दुष्कृशतेचा प्रमुख निकष होय. रुग्ण मुळातच कृश असल्यास (शरीर-वस्तुमान निर्देशांक २० हून कमी) किंवा त्याचे स्नायू आधीच घटलेले असल्यास २ टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी मानतात. या अवस्थेचे तीन टप्पे कल्पिले आहेत. पूर्वावस्थेत भूक मंदावते व चयापचयात बदल होतो, पण वजन फारसे घटत नाही. प्रकट अवस्थेत वरील निकष पूर्ण होतात. दुःसाध्य अवस्थेत रोग कोणत्याही उपचारास दाद देत नाही व झीज थांबविणे शक्य नसते. उपाययोजनेचा खरा लाभ पहिल्या दोन टप्प्यांत होतो.

केवळ वजनावर विसंबल्यास फसगत होते. पायांवरील सूज वा जलोदर यांमुळे वजन कायम राहते, पण स्नायू आतून घटलेले असतात. स्थूल रुग्णाच्या मेदाखाली स्नायुक्षय झाकला जातो. अशा रुग्णांत धोका विशेष असूनही तो उशिरा लक्षात येतो. रोगनिदानासाठी सीटी क्रमवीक्षण (क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराचे छेद दाखविणारी तपासणी) केलेलेच असते. त्यातील कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील छेदात स्नायूंचे क्षेत्रफळ मोजून संपूर्ण शरीरातील स्नायूंचा अंदाज करता येतो. साध्या चाचण्याही उपयुक्त आहेत. आशियातील तज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीचे बल पुरुषांत २८ किग्रॅ.हून व स्त्रियांत १८ किग्रॅ.हून कमी असणे, पोटरीचा घेर पुरुषांत ३४ सेंमी.हून व स्त्रियांत ३३ सेंमी.हून कमी असणे, किंवा हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक वेळ लागणे, ही स्नायुऱ्हासाची सूचक चिन्हे होत. यांतील शेवटच्या दोहोंस शिंप्याची फीत, खुर्ची व घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही.

परिणाम : अनेक औषधांची मात्रा शरीराच्या उंची-वजनावरून ठरविली जाते. दोन रुग्णांचे वजन सारखे असले, तरी ज्याचे स्नायू कमी त्याच्यात काही औषधांची विषारी लक्षणे अधिक तीव्र होतात. परिणामी मात्रा कमी करावी लागते किंवा उपचाराचे आवर्तन पुढे ढकलावे लागते. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळणे व न्यूमोनिया होणे यांचे प्रमाण वाढते. किरणोपचारात अशक्ततेमुळे खंड पडल्यास रोगावरील नियंत्रण घटते. अशा रीतीने स्नायुक्षय रोगमुक्तीच्या संधीवरच आघात करतो.

रायगड किनाऱ्याच्या संदर्भात : या विषयाची व्यावहारिक बाजू रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनारपट्टीवर चांगली दिसून येते. भारतातील पुरुषांत ओठ व तोंड यांचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी असून तंबाखू हे त्याचे प्रमुख कारण आहे. कोकणात स्त्रियांमध्येही भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांना लावण्याची सवय जुनी आहे. म्हणजे ज्या कर्करोगांत गिळणेच अवघड होते, त्यांचेच कारण येथे घरोघरी परिचयाचे आहे.

या भागातील रुग्णांना उपचारांसाठी प्रामुख्याने मुंबई व नवी मुंबईकडे जावे लागते. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले. १९६२ साली ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. त्याच संस्थेचे कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण यांचे प्रगत केंद्र (‘ॲक्ट्रेक’) रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यातील खारघर येथे आहे. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली तेथे हलविण्यात आली. मुंबईला जोडणाऱ्या मार्गांत अलीकडे भर पडली आहे. मांडवा ते माझगाव ही वाहने नेणारी जलसेवा २०२० साली, तर शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तरीही मुरुड, म्हसळा वा श्रीवर्धनच्या गावांतून खारघर वा परळ गाठण्यास कित्येक तास लागतात आणि पावसाळ्यात मांडव्याच्या लहान बोटी बंद असतात. किरणोपचार रोजचा असल्याने सहा-सात आठवडे शहरात खोली, धर्मशाळा वा नातेवाइकांचे घर शोधावे लागते. घरची चूल मागे राहते, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि रुग्णाचा आहार खानावळीच्या डब्यावर येतो. वजन उतरण्याचा काळ नेमका हाच असतो.

दुसरी अडचण पथ्याच्या समजुतींची आहे. आजारी माणसाला ‘हलके’ म्हणून तांदळाची पेज द्यावी. मासळी व अंडी ‘उष्ण’ व ‘जड’ म्हणून बंद करावीत. दुधाने कफ होतो म्हणून तेही टाळावे, असा प्रघात अनेक घरांत आहे. त्यामागे माया असते, पण हिशेब नसतो. प्रत्येक वेळी ३० ग्रॅ. तांदूळ शिजवून केलेली पेज दिवसातून चार वेळा घेतली, तर १२० ग्रॅ. तांदळापासून रुग्णाला सु. ४२० कॅलरी व जेमतेम ९ ग्रॅ. प्रथिन मिळते. ५० किग्रॅ. वजनाच्या रुग्णास याच्या तिप्पट-चौपट ऊर्जा व पाचपट ते आठपट प्रथिन लागते. ज्या घराच्या अंगणात बोंबील वाळत असतात, त्याच घरातील रुग्ण प्रथिनांवाचून झिजत राहावा, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

आहारयोजना : वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्करोगाच्या रुग्णास वजनाच्या दर किग्रॅ.मागे रोज २५–३० कॅलरी व १ ग्रॅ.हून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅ.पर्यंत प्रथिन मिळावे. ५० किग्रॅ. वजनाच्या रुग्णासाठी हे प्रमाण १,२५० ते १,५०० कॅलरी व ५० ते ७५ ग्रॅ. प्रथिन असे येते. ते स्थानिक अन्नातून भागविता येते. दिवसभरात अर्धा लिटर दूध वा दही (सु. १६ ग्रॅ. प्रथिन), दोन अंडी (१२ ग्रॅ.), ५० ग्रॅ. डाळ वा कुळीथ (११ ग्रॅ.), १०० ग्रॅ. बांगड्यासारखी मासळी (१९ ग्रॅ.) व १५० ग्रॅ. तांदूळ (११ ग्रॅ.) यांतून सु. ६९ ग्रॅ. प्रथिन मिळते व थोडे तेल-तूप धरून ऊर्जेची गरजही पूर्ण होते. शाकाहारी घरांत मासळी-अंड्यांची उणीव दूध, पनीर, सोयाबीन, वाल व शेंगदाणे यांनी भरून काढावी लागते. सुक्या बोंबलात व सुकटीत वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक प्रथिन असते; तोंडात व्रण असताना ती तशी खाता येत नाही, परंतु स्वच्छ धुऊन, शिजवून, बारीक वाटून व तिखट न घालता भातात मिसळता येते. पेजही वर्ज्य नाही. तिच्यात दूध, शिजवून घोटलेली डाळ, अंडे वा तूप घातल्यास तीच पोषक होते. दोन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे देणे हितावह असते.

गिळणे अशक्य झाल्यास नाकातून जठरात नळी घालून पातळ आहार देतात. ‘नळी घातली म्हणजे शेवट आला’ या भीतीने पुष्कळ कुटुंबे तिला नकार देतात. वस्तुतः मुखकर्करोगाच्या उपचारात नळी हे बहुधा तात्पुरते साधन असते. व्रण भरून गिळणे सुधारल्यावर ती काढली जाते. नळीतून केवळ पाणी वा सरबत न देता वर सांगितलेल्या हिशेबाने दूध, डाळ, अंडे व धान्य यांचे गाळून घेतलेले मिश्रण स्वच्छतेने द्यावे लागते. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण वैद्य व आहारतज्ञ यांच्या सल्ल्याने बदलावे लागते.

व्यायाम : केवळ प्रथिने पुरवून स्नायू बनत नाहीत; त्यांना कामही लागते. उपचार चालू असताना पूर्ण विश्रांती घ्यावी, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. रोज थोडे चालणे आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना विरोध देणारे व्यायाम (खुर्चीवरून उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, भिंतीला हात टेकून दंडांवर भार देणे) हे बहुतेक रुग्णांना सोसतात. त्यांनी थकवा वाढण्याऐवजी कमी होतो. मात्र हाडांत कर्करोग पसरलेला असल्यास, ताप असल्यास, किंवा रक्तातील बिंबाणूंची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणिकांची) संख्या फार घटली असल्यास भौतिकी चिकित्सकाच्या सल्ल्यावाचून व्यायाम करू नये.

औषधे : स्नायुक्षय पूर्णपणे थांबविणारे औषध उपलब्ध नाही. मेजेस्ट्रॉलाने भूक व वजन वाढते, परंतु ती वाढ मुख्यतः मेद व पाणी यांची असते आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. स्टेरॉइडांनी काही आठवडे भूक सुधारते, पण पुढे स्नायूच दुबळे होतात. घ्रेलिन या भूक वाढविणाऱ्या हॉर्मोनाप्रमाणे कार्य करणाऱ्या ॲनामोरेलीन या औषधास २०२१ साली जपानमध्ये मान्यता मिळाली. त्याने स्नायूंचे वस्तुमान वाढले, तरी हाताच्या पकडीचे बल वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. पुदुच्चेरी येथील जिपमेर या संस्थेत ओलान्झापीन या स्वस्त व जुन्या औषधाची अल्प मात्रा (रोज २.५ मिग्रॅ.) रासायनी चिकित्सा घेणाऱ्या जठर, यकृत-अग्निपिंड व फुप्फुस यांच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांच्या चाचणीत अभ्यासण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. जीडीएफ-१५ या भूक मंद करणाऱ्या प्रथिनास निष्प्रभ करणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या प्रतिपिंडाच्या १८७ रुग्णांवरील चाचणीतही २०२४ साली आशादायक वजनवाढ दिसली. त्याची उपयुक्तता ठरण्यास मोठ्या चाचण्या आवश्यक आहेत. ही सर्व औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

प्रतिबंध : झिजलेला स्नायू पुन्हा भरून आणण्यापेक्षा असलेला राखणे सोपे असते. त्यासाठी रोगनिदानाच्या दिवशीच वजन नोंदवून पुढे दर आठवड्यास एकाच काट्यावर ते पाहणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वजनकाटा असतोच. ५० किग्रॅ.च्या रुग्णात अडीच किग्रॅ. घट ही धोक्याची रेषा होय. ती ओलांडण्यापूर्वीच उपचार करणाऱ्या वैद्यास कळविणे आवश्यक असते. बांगड्या सैल होणे, लुगडे वा पँट कमरेवर न ठरणे, पाण्याची कळशी उचलता न येणे, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, ही त्याचीच घरगुती लक्षणे होत. ‘कर्करोग म्हटला की माणूस सुकायचाच’ असे म्हणून त्यांकडे दुर्लक्ष केले जाते. या झिजेचा काही भाग रोगाचा असतो व तो टळत नाही. परंतु जो भाग अपुऱ्या आहाराचा, अंथरुणाचा व गैरसमजुतीचा असतो, तो टाळता येतो आणि नेमून दिलेला उपचार पूर्ण होणे वा अर्ध्यावर सुटणे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.